कितीत किती

...नाई, तुम्हीच सांगा ना राजेहो, मिठाच्या पान्याले पाच-पाच नावं कोन ठेवते? पानी एक, मीठ एक, ढवळनारा मी एक, अन् किती खारट आहे ते लिहाच्या तऱ्हा पाहा त डोकं बधिर! टक्क्यात लिहा, ग्रॅम पर लिटरमंदी लिहा, मंग मोलॅरिटी अन् मोलॅलिटी, ह्या दोघी जुळ्या बहिनी, एकीले लिटर पाह्यजे, दुसरीले किलो, अन् एवढ्यातबी पोट नाई भरलं त पीपीएम, म्हंजे दहा लाखात एक! अरे, दहा लाख मोजाले बसन कोन? तुमचा जावई? अकरावीत केमिस्ट्रीत गचकलो ना मी ह्याच्याच पायी! अन् आमच्या रंजीता मॅडम, मूळच्या चंद्रपूरच्या, पन आमच्या गावातच खोली करून राह्यतेत, म्हंजे सुट्टीतबी सुटका नाई, त्या चष्मा नाकावर घेऊन एकच इचारतेत, "प्रणित, किती टाकलं ते नको सांगूस. कितीत किती, ते सांग!"

कितीत किती! झोपीतबी आयकू येते मले.

आता हे तुम्हाले काऊन सांगून राह्यलो? आयका. आमच्या इकडे गोंडपिपरीच्या बाजूले धानाचे पऱ्हे, म्हंजे रोपं, टाकाच्या आधी बियानं मिठाच्या पान्यात सोडतेत. पोचट दाना वर येते, भरलेला खाली बसते. वरचं कोंबड्याइले, खालचं वावरात. अन् आमच्या शेजारचे रामाजी आबा, ह्या मानसानं जल्मात दुकानाची थैली फोडली नाई. घरचंच लुचई जातीच्या धानाचं बियानं. त्यायची बायको कमलाआजी एक-एक लोंब हातानं निवडून ठेवे. आजी गेली मागच्या दिवाळीनंतर. धानाच्या ढोलीत तिच्या हातचं शेवटचं बियानं होतं, टोपलंभर.

अन् आबाचा तोरा! सकाळपासून अख्ख्या आळीले आयकवून राह्यले, "ह्याच्यात एक पोचट दाना दाखवा गा कोनी, मिशी काढून देतो! एकबी निंगनार नाई!"

आता मले सांगा, असं बोलल्यावर माह्यासारख्या मानसानं काय कराव? चूप बसाव? होते का ते?

आबा मीठ टाकते मुठीनं. बादलीभर पान्यात चार मुठी, बस. मोठ्या निळ्या ड्रममंदी धा लिटर पानी, चार मुठी मीठ, अन् आबा गेले टोपलं आनाले. मी आलो घरात. मायनं आंब्याच्या लोनच्यासाठी मिठाचे तीन पुडे आनून ठेवले होते, किलो-किलोचे. घेतले, फोडले, वतले, काठीनं असं ढवळलं, असं ढवळलं का हात गळून आले, अन् पुढं काय मज्जा येते म्हनून भिताडाले टेकून उभा!

आबानं टोपलं उपडं केलं.

सारंच्या सारं वर! लाह्या फुटल्यासारखं! खाली नावाले दाना नाई! बाया पाहून राह्यल्या, मी तोंडात गमछा कोंबला, म्हनलं आता आबा बोंबलतीन, शिव्या देतीन, काठी घेऊन मांगं धावतीन...

आबा खालीच बसले. ड्रमच्या बाजूले. मिशीवरून हात फिरवला, अन् हळूच म्हनते, "कमले, म्हाताऱ्यानं बियानं नासवलं व." अन् माह्या मायले म्हनते, "इंदू, कोंबड्या सोड बाई. अन् तुह्या पोराले सांग, गोंडपिपरीवरून बियान्याची थैली आनून दे म्हनावं."

मज्जा गेली कुठी? हे कुठी ठरलं होतं? माय सूप घेऊन आलीच, मांगून चार कोंबड्या... मी सायकल घेतली अन् सुटलो.

"मॅडम! मॅडम! द्रावन बिघडलं!"

मॅडम कनीक मळून राह्यल्या होत्या. हात तसाच. म्हने, "काय म्हणालास? द्रावण? तू?" खुशीनं रडतेत का काय अशा पाह्यल्या माह्याकडं! मांगं बसवलं अन् आनलं.

मॅडमनं ड्रमकडं पाह्यलं. बोट बुडवलं. चाखलं! वर्गात आम्हाले म्हनतेत काहीच चाखाचं नाई, अन् इथी सोता! तोंड असं झालं का कच्ची चिच खाल्ली. मंग आबाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. चष्मा आला नाकावर.

"प्रणित, किती टाकलं?"

"तीन."

"तीन काय?"

"तीन... टक्के."

"कितीत किती?"

आता आली ना पंचाईत! मी हळूच कानात सांगतलं, "धा लिटरात तीन किलो. म्हंजे तीस टक्के ना, मॅडम?"

मॅडमबी कानातच, "तीस नाही. द्रावण म्हणजे मीठ अधिक पाणी. तेरा किलोत तीन किलो. किती झाले?"

माह्या पुढं कोंबड्या, बाजूले आबा, अन् अशा टायमाले भागाकार! पन तुम्हाले सांगतो, आला! "तेवीस!" जल्मातलं पह्यलं बरोबर उत्तर, अन् टाळी वाजवाले कोनी नाई.

मॅडम आबाले म्हनल्या, "बियाणं चांगलं आहे, आबा. पाणी कमी पडलंय. ह्याला तीन टक्क्यांवर आणायचं. प्रणित, एवढ्या मिठाला किती पाणी लागेल?"

"सत्त्यान्नव लिटर... शंभरच धरा."

"मग आण. नव्वद लिटर."

नऊ बादल्या! बोअरिंग शाळेपाशी, घर ह्या टोकाले! पह्यली बादली वतली, काई नाई. दुसरी, काई नाई. माय सूप घेऊन तशीच उभी. तिसरी वतली अन्... दोन-चार दाने बुडाले. आबानं मान वर केली. चौथीले मूठभर. पाचवीले बुडबुड बुडबुड खाली चालले ना राजेहो! आबा उठून उभे. सहावीले आबा ड्रममंदी डोकं घालून, "बस व बाई, बस खाली!" म्हंजे आजीलेच म्हनून राह्यले जसे. नववी वतली तवा वर राह्यले मोजून ओंजळभर दाने, बाकी अख्खं टोपलं तळाशी! माह्या खांद्याची सालटं निंगाली, पन मी हासून राह्यलो होतो.

मॅडम म्हनल्या, "आता साध्या पाण्यानं तीनदा धुवायचं, नाहीतर कोंब येणार नाही. प्रणित, आण."

अजून सहा बादल्या.

अन् मॅडमनं कोनाले सांगतलं नाई, हां! ना तवा, ना मंग. मी मनात म्हनलं, वाचलो. सांजीले आबानं बोलावलं. बियानं सावलीत पसरून राह्यले होते. म्हनते, "पोट्ट्या, चार मुठी मीठ मी हातानं टाकलं. अन् तीन पुड्याचे कागद तुह्या पँटच्या मांगच्या खिशातून निंगून राह्यले होते, हां. तू सायकलवर बसला तवाच पाह्यलं." मी इचारलं, "मंग काऊन मारलं नाई, आबा?" त म्हनते, "मारलं असतं त पानी कोन आनलं असतं बे?" अन् पऱ्हे टाकतेवेळी पह्यली मूठ माह्याच हातात देल्ली. आजीच्या बियान्याची. एकबी दाना बाहेर पडू नाई देल्ला.

आता ह्याचं काय झालं मालूम? "मोजून मीठ प्रणितच टाकते!" पूर्न गाव टोपले घेऊन माह्या दारात! मॅडमनं मारलं असतं, आबानं हानलं असतं त बरं होतं, हे काम त दर साली आलं ना माह्या मांगं! अन् भाजी खारट झाली का कोनीबी बाई कुडावरून वरडते, "प्रणित, ये बाबू, चाखून सांग, कितीत किती?"

परवा आबा नव्या धानाचे तांदूळ घेऊन आले. पह्यला भात आमच्या घरी. जेवाले बसलो, म्हनलं, "माय, लोनचं वाढ."

माय म्हनते, "वाढतो ना बाबू. औंदाचे आंबे बिनमिठाचेच सडले. तूच सांग, शून्य मिठात लोनचं किती? कितीत किती?"

...खाल्ला मंग कोराच भात. गोड होता, खोटं काऊन बोलू.