साहेबांचं हसू

— नाही, हलायचं नाही साहेब, बोलायचंही नाही, ओठांचं काम चाललंय — हनुवटी जरा वर, हां, अशी. निवृत्त होताय, कचेरीच्या भिंतीवर लागायचं हे चित्र, मग नीट नको यायला? फोटो पाठवला असता म्हणता? मला फोटो लागत नाही. तुमचा तर नाहीच. ओळखलं नाहीत ना? कसं ओळखाल — तेव्हा मी दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर गुडघे टेकून खडूनं चित्रं काढायचे. त्या सकाळी ताईला काढत होते — मोठी बहीण माझी, त्याच दवाखान्यात नुकतीच वारलेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता, साहेब. म्हटलं, विसरायच्या आत काढून बघावं. चेहरा पुरा होत आला आणि तुम्ही आलात, पालिकेची माणसं घेऊन — कोण पाहुणे यायचे होते, रस्ता स्वच्छ हवा. मी हात जोडले, म्हटलं, बहीण आहे हो माझी, कुणाला तरी फोटो घेऊ द्या, जरा थांबा. काय म्हणालात, आठवतं? ‘अगं, मग आंघोळ घालू की तिला!’ — आणि हसलात. आणि पाण्याचा पाइप सोडायला लावलात.

हलू नका! घाम कशाला येतोय, खिडकी उघडीच आहे. त्या रागावरच शिकले मी — खडू सोडला, लोकांच्या भिंती रंगवल्या, त्यातून कॅनव्हास आणले, तैलरंग आणले. आज माझ्या चित्रांसाठी लोक ताटकळतात. तुमच्या लोकांनी विचारलं तेव्हा लगेच हो म्हटलं — सूड उगवायचा होता, सरळच सांगते. आता वळा मागे, हरकत नाही. हा पडदा ओढला बघा — हे दुसरं चित्र. पाइप, पाणी, आणि तुम्ही — हसताय. माझ्या प्रदर्शनात दारातच लावणारेय. उद्घाटनाला तुमची लेक येतेय, मी स्वतः जाऊन बोलावलंय. सगळं सांगणारेय तिला.

काय? फुटपाथ कोरा का ठेवलाय? तिथं... तिथं ताई हवी. कितीदा बसले काढायला — डोळे काढावेत तर तुमचे येतात. इतकी वर्षं तुमचंच तोंड घोकलं ना, दातांतली फट, भुवईवरचा व्रण, सगळं पाठ. आणि तिचं... कशी दिसायची हो ती? धुवायच्या आधी शेवटचं तुम्हीच पाहिलंत. सांगा ना. नाक तरी? सांगा!

तुम्हालाही नाही आठवत. बरं. उठा — आणि जाताना दार ओढून घ्या.