पदराखालची वायर

कानाच्या मशीनचं कौतुक मला सांगू नका. तेव्हा ते काड्यापेटीएवढं असे, त्याची वायर कानापर्यंत यायची. जळगावच्या दुकानदाराने माझ्या छातीशी अडकवून दिलं, पण पदराचं काही बोलला नाही. त्याला कुठे पदर घ्यायचा होता?

सुमनला, माझ्या लेकीला, बघायला शिरपूरचे पाहुणे आले. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, नाना समोर बसलेले, म्हणून माझा पदर कपाळापर्यंत. जरा मान हलली की पदर वायरला घासे आणि कानात नुसती खरखर. मधेच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपली मान डोलावली.

"चला, बठ्ठं ठरनं," सगळंच ठरलं म्हणून मुलाचे वडील म्हणाले.

आत गेले तर सुमन रडत होती. "आई, माझं नर्सिंग बंद करायला तू हो म्हणालीस?"

माझं डोकंच फिरलं. तशीच बाहेर आले, पदर खाली टाकला, वायर कानामागून घेतली आणि खांद्यावर चोळीला पिनेने घट्ट टाचली. खरखर थांबली.

"आता पुन्हा बोला," मी म्हटलं.

नाना भिंतीकडे बघून म्हणाले, "तिला पदर घ्यायला सांगा."

लग्न झाल्यापासून मी नानांशी समोरून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "घेते नाना. पण आधी 'सुमन शिकणार' असं मोठ्याने म्हणा. मला कमी ऐकू येतं."