चौदा ग्रुपांचं वेळापत्रक

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिथे गुरुवार ठेवलाय. म्हणजे गुरुवारची चित्रं हो! इकडे स्टुलावर बसा, शुक्रवार जरा सरकवतो. तुम्ही प्रदर्शनवाल्या ना? खाली ती मोठी गाडी थांबली तेव्हाच म्हटलं, आले एकदाचे. चार महिन्यांपूर्वी लिहिलं होतं मी तुमच्या दालनाला, उत्तराचा पत्ता नाही—पण उत्तराऐवजी माणूसच दारात आला, हे त्याहून बरं. काय म्हणालात? सांगा हो, सावकाश सांगा, आधी हा भिंतीवरचा तक्ता बघून घ्या म्हणजे तुमचे निम्मे प्रश्न इथेच मिटतील.

उभे रकाने म्हणजे वार, आडव्या ओळी म्हणजे ग्रुप. फोनवरचे, चित्रकारांचे. एकूण चौदा. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, पण नियम मात्र असे की आमचा बस डेपो लाजेल. हा पहिला—दिवसाला एकच चित्र. हा दुसरा—आठवड्याला दोन. तिसऱ्यात चोवीस तासांत एक, पण त्यांचे चोवीस तास सुरू होतात त्यांच्या ॲडमिनच्या पहाटे, आणि ते गृहस्थ राहतात जगाच्या दुसऱ्या टोकाला! चौथ्यात जलरंग फक्त मंगळवारी. पाचव्यात आधी तीन जणांच्या चित्रांवर अभिप्राय द्यायचा, मग आपलं टाकायचं. मी सात अभिप्राय लिहून ठेवलेत, फिरवून फिरवून वापरतो—‘रंगसंगती छान’, ‘रेषेत जोर आहे’, ‘खोली आहे’. एकदा एका बाईंनी त्यांच्या घराचं चित्र टाकलं होतं, त्यावर नेमकं ‘खोली आहे’ गेलं. त्यांनी लिहिलं, ‘हो, झोपायची.’ आता यात हसण्यासारखं काय आहे? बरं, हसा.

तर मुद्दा असा की चित्रं काढते माझी बायको, बाकी सगळं मी. तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं लावली—एकशे दहा गाड्या, एक फेरी रिकामी सोडली नाही. निवृत्त झालो आणि पहिल्याच आठवड्यात येरझाऱ्या घालून घालून फरशी झिजवली. आणि ही? ही या खिडकीशी बसायची, किटली, समोरची छपरं, दोरीवरच्या कपड्यांची सावली, असं काहीबाही काढायची, वाळलं की ट्रंकेत टाकायची. ट्रंकेत! एवढा माल आणि एक गाडी डेपोबाहेर पडलेली नाही! मी म्हटलं, आजपासून हे खातं माझ्याकडे. ती म्हणाली, ‘कशाला? राहू द्या ना.’ आता ‘राहू द्या’ म्हणजे बायका ‘करा’ म्हणतात. नाही? तुमच्यात नसेल, आमच्यात तसं आहे.

अकाउंट माझ्या नावाने उघडलं—सोयीसाठी. फोन माझा, अंगठा माझा. चित्राखाली नाव माझं येतं, त्याला मी काय करणार? लोक लिहितात, ‘सर, तुमच्या हाताला काय विलक्षण मृदूपणा आहे!’ मी लिहितो, ‘धन्यवाद.’ यात खोटं काय आहे सांगा. धन्यवादच तर म्हणतो.

पण अडचण आली मालाची. चौदा ग्रुप म्हणजे आठवड्याला एकोणतीस जागा, आणि ही चित्र काढणार जेव्हा मनात येईल तेव्हा. मी तिला सोपं करून दिलं—सोमवारी दोन लहान, बुधवारी एक आडवं, शनिवारी फुलं, फुलांना गर्दी असते. फ्रिजवर लावलं. तिने त्याच्या मागच्या बाजूला वाण्याची यादी केली. मग मी जुनीच चित्रं उलटी करून टाकायला लागलो, डावीकडची किटली उजवीकडे. कोणाला कळलं नाही. हिला कळलं. म्हणाली, ‘अहो, या किटलीचा प्रकाश भिंतीतून येतोय.’ आला तर आला!

आणि मग ते मोठं चित्र. दोन महिने, मॅडम, दोन महिने एकच चित्र! आमचा डेपो—सकाळी सातचा, सगळ्या गाड्या रांगेत, ओल्या फरशीवर दिव्यांचे लांब लांब ओघळ. माझ्या निवृत्तीची भेट म्हणे, उशिराने. मी म्हटलं, सुरेख, पण दोन महिन्यांत तुझी एक जागा भरली, बाकीच्यांचं काय करू? त्यातून ते स्कॅनरमध्ये मावेना, आणि फोनवर फोटो काढला की दिवे पांढरे फटक. मग मी बसलो, पोलादी पट्टी घेतली, कटर घेतला, आणि अगदी सरळ रेषेत—अहो, असं बघू नका. आठ तुकडे झाले, आठ दिवस भरले, प्रत्येकाला शंभराच्या वर लाइक! एका ग्रुपने तर ‘आठवड्याचं मानाचं चित्र’ केलं तिसऱ्या तुकड्याला. ती? ती ब्रशचं पाणी बदलायला उठली.

आता आत कुठे बघताय? ती नाहीये घरात. बहिणीकडे गेलीय, हवापालटाला. झाले की—सात महिने. हवा चांगली आहे तिकडे.

नाही हो, भांडण कसलं? उलट त्या दिवशी तर मी खुशीत होतो. चोर पकडला होता. ‘साळुंकी’ नावाचं कोणीतरी नवीन आलं पहिल्या ग्रुपात, आणि त्याने टाकलं काय, तर माझी किटली! मी गुरुवारसाठी ठेवलेली! मी ॲडमिनला स्कॅन पाठवले, तारखा पाठवल्या, चौदाही ग्रुपांना कळवलं. दुपारपर्यंत साळुंकीला सगळीकडून हाकललं. जेवताना सांगितलं हिला. हिने विचारलं, ‘त्यांनी साळुंकीला काही विचारलं का?’ मी म्हटलं, चोराला काय विचारायचंय? ‘बरं,’ म्हणाली. ताट उचललं. दोन दिवसांनी बॅग भरली. तिचा जुना फोन इथेच राहिला होता, घड्याळाखाली. तो मी चार्ज केला, सहज, तर त्यावर ते साळुंकीचं अकाउंट—

म्हणजे, तो वेगळा विषय आहे. ॲडमिनला पत्र लिहून ठेवलंय मी. पाठवायचंय. पण असं बघा, ते पाठवलं की चोर कोण, हा प्रश्न येतो, आणि चौदाही ठिकाणांहून मला काढतील, मग हा तक्ता काय करायचा? लोक वाट बघतात हो. एक बाई रोज ‘सुप्रभात सर’ लिहितात. या घरात मला दुसरं कोण सुप्रभात म्हणतंय?

तर प्रदर्शनाचं बोला. पाटीवर नाव दोघांचं टाकू, माझी हरकत नाही—काय? दालनाकडून नाही आलात? मग एवढा वेळ—मी बोलू दिलं नाही, बरोबर. चिठ्ठी? आणा. चष्मा कुठे... हे अक्षर तर...

‘चिठ्ठी आणणारी माझी विद्यार्थिनी आहे.’ विद्यार्थिनी? ही शिकवते? कधीपासून? ‘माझी एकसष्ट चित्रं तिच्याकडे द्यावीत. डेपोचे आठही तुकडे द्यावेत, मागून कापड लावून जोडता येतील. कडेची पट्टी तुमच्याकडे राहू द्या.’

पट्टी. आठ कागद सारख्या मापाचे कापले ना, तर कडेला तीन बोटं उरलं. त्यात माझी केबिन होती. खिडकीत एक माणूस, कानामागे पेन्सिल. एवढासा. स्कॅनला उपयोग नव्हता, म्हणून पुस्तकात ठेवली. मला वाटलं होतं, तिच्या लक्षात आलं नसेल.

असं करू या का—रोज एक न्या. एकसष्ट दिवस. नीट गुंडाळता येईल, घाई होणार नाही. तुम्हाला जमत नसेल तर ती स्वतः... नको? सगळी आजच. बरं. ती ट्रंक पलंगाखाली आहे, ओढा. मधे मधे कोरा कागद घाला, नाहीतर रंग घासतील. त्या आडव्याचा कोपरा दुमडलाय, तो माझ्याकडून नाही झालेला, आधीपासून तसाच आहे, हे तिला सांगा. जिन्याला वळण अरुंद आहे, उभं धरा.

एक विचारू? ती कधी काही... म्हणजे माझं जेवणाखाणाचं वगैरे, विचारायला सांगितलंय का?

नाही. नाही ना. बरं.

निघा तुम्ही. दार जोरात ओढा, नुसतं लोटून लागत नाही.