आधी न्हाय म्हणत्यात

बसा पावणं, ती खुर्ची नको, तिचा एक पाय माझ्या गुडघ्यासारखा हाय, कवा दगा देईल सांगता येत न्हाय. तर आमचं गाव हेच, पन्हाळ्याच्या वाटेवरचं, जन्म हितलाच. मी काय मोठा माणूस न्हाय, साखर कारखान्यात काट्यावर कारकून, दुसऱ्याचा ऊस तोलण्यात निम्मं आयुष्य गेलं आणि वजन वाढलं ते माझं. पर आमचं वडील, तात्या, ते नावाजलेलं. काविळीचं औषध द्यायचं. कसली तरी मुळी ताकात उगाळून, दिवस उगवायच्या आधी, अनशापोटी. पैसा घ्यायचा न्हाय, सुपारीसुद्धा न्हाय, घेतली की गुण जातो म्हणायचं. आणि औषधाचं नाव तोंडानं काढायचं न्हाय, गप पेला हातात द्यायचा, समोरच्यानं गप प्यायचा. डोळे लईच हळदीगत दिसले तर मात्र तात्या पेला आत ठेवायचं आणि म्हणायचं, बाबा, हे माझ्या हातचं न्हाय, दवाखाना गाठ.

मला बी शिकवतो म्हणालं हुतं. मी म्हटलं, तात्या, आता गावोगाव डॉक्टर झाल्यात, मुळ्या कोण उगाळतंय. हसलं नुसतं. पुढं ते गेलं, त्यांच्याबरोबर मुळी बी गेली, पहाटे दारात येणारी माणसं थांबली. मला वाटलं, सुटलो, आता तरी उन्हं येईस्तोवर झोपंन.

कसलं काय. मधी बरीच वर्सं गेली, आणि काय सांगू तुम्हाला, माणसं परत यायला लागली. एकदा तोंडात मिश्री घेऊन दार उघडतोय तर अंगणात सोलापूरकडची जीप उभी. वैद्यबुवा तुम्हीच काय, म्हणाला. मी म्हटलं, न्हाय बा, मी काट्यावरचा कारकून. त्यानं खिशातनं कागद काढला, नेट कॅफेतनं छापून आणलेला. त्यावर तात्यांचं नाव, गावाचं नाव, कुठल्या फाट्यावर उतरायचं ते सगळं, आणि मधनंमधनं जाहिराती. तात्यांच्या नावाच्या बरोबर डोक्यावर केस वाढवायचं तेल! जन्मभर टक्कल मिरवलेला माणूस. आम्ही घरात लई हसलो. आमची मंडळी म्हणाली, अवो, खाली तुमच्यासाठी बी हाय बघा, पोट कमी करायचं. तात्यांवर मागं एका साप्ताहिकात आलतं, ते कुणीतरी उचललं असंल. म्हटलं असू दे बापडं, नाव तरी राहिलं.

तात्या वारल्याचं त्या कागदात न्हवतं. येईल त्याला मी सांगायचो, औषध देणारा गेला, औषध बी गेलं, सरकारी दवाखान्यात जावा. काही जायचे. काही मात्र हलायचेच न्हाईत, माझ्याकडं बघून गालात हसायचे आणि कट्ट्यावर बसून राहायचे. मला वाटायचं, लांबनं आल्यात, दमली असतील.

एका सकाळी निपाणीच्या पलीकडनं एक भाऊ आला, भनीला घेऊन. नवीनच लगीन झालेली पोरगी, हातात हिरवा चुडा, आणि डोळे पिवळे धम्मक. भाऊ म्हणाला, अण्णा, ही माझी तंगी, धाकट्या भनीला त्यांच्यात तंगी म्हणत्यात, हिला वाचवा. मी न्हाय म्हटलं. त्यानं मान हलवली. परत न्हाय म्हटलं, हात जोडले, आईची आण घातली, तरी तो बसूनच. मी वैतागून परड्यात तोंड धुवायला गेलो. आता आमच्यात कसं हाय, दारात आलेला माणूस कोरडा जात न्हाय. मंडळी पोरीकडं बघून कळवळली, आतनं ताकाचा पेला आणला, आणि बोलायला शब्द सुचंना म्हणून गप तिच्या हातात दिला. मी येतोय तर दोघं उठलेली, भाऊ उंबऱ्याच्या पाया पडतोय, तोंड कसं उजळलेलं. मी म्हटलं, नीट दवाखान्यात जावा. व्हय अण्णा, व्हय व्हय, म्हणाला. मला वाटलं, पटलं एकदाचं.

दिवाळी झाल्यावर तो एकटाच आला, हातात नारळ. तंगी गेली म्हणाला. तुमचा दोष न्हाय अण्णा, तुमचं औषध पोटात गेलं, पर आम्हीच आणायला उशीर केला. मी म्हटलं, कसलं औषध? तर म्हणाला, अक्कांनी दिलं की, ताकातलं. मंडळी दारात हुती, तिथंच खाली बसली. त्यानं कागद काढून ओळ दाखवली. वैद्यबुवा आधी नाही म्हणतात, ती त्यांची परीक्षा घ्यायची रीत आहे, चिकाटीने बसावे आणि शेवटी हातात देतील ते न विचारता प्यावे. तसला कागद मी कितीदा बघिटला हुता, केसाच्या तेलाच्या खालची ती ओळ काय वाचली न्हवती. ते नुसतं ताक हुतं, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. उशीर झाल्याचं दुःख घेऊन आलता, फसल्याचं घेऊन गेला असता.

कागदावर खाली जाहिरातीसाठी म्हणून फोन हुता, त्यावर पत्ता इचारून शहरात गेलो. राजारामपुरीत वरच्या मजल्यावर खोली, दोन कंप्युटर, बोलायला गोड माणूस. काका, चहा घ्या की. मी म्हटलं, आमच्या तात्यांनी जन्मात कुणाची परीक्षा घेतली न्हाय, त्यांचं न्हाय म्हंजी न्हायच, ही ओळ कुठली? लई शोधावं लागलं त्याला, असली हजारो पानं हुती म्हणं त्याची, दमा, मुतखडा, लगीन जमत न्हाय, सगळं. मग म्हणाला, काय हाय काका, मजकूर तोकडा पडला की जाहिराती नीट बसत न्हाईत, म्हणून जरा वाढवला. वाईट काय लिवलंय त्यात? मी पोरीचं सांगिटलं. त्याचा चहा तसाच निवला, आणि माझ्यासमोर त्यानं ते पान काढून टाकलं. खरं सांगतो, राक्षस असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पर त्याच्यावरनं दुसऱ्यांनी उचललेलं, त्यांच्यावरनं तिसऱ्यांनी, त्यांच्या दारात मी कुठवर जाऊ?

माणसं अजून येत्यात. मी न्हाय म्हणतो आणि ती गालात हसत्यात. आता आमच्या दारात पिवळ्या डोळ्याच्या माणसाला पाण्याचा थेंब मिळत न्हाय बघा. मंडळी आत तोंड फिरवून बसती, तिनं आयुष्यात असं केलं न्हवतं. मी शर्ट घालतो, त्यांना वडापच्या जीपमधी बसवतो, संगं मी बी बसतो, आणि दवाखान्यात डॉक्टरनं हात लावला की मगच बाहेरच्या गाड्यावर नातेवाईकाला चहा पाजतो. काही जण मधल्या थांब्यालाच उतरून जात्यात, शिव्या देत. जाऊ देत, चालायचंच. देव त्यांना औक्ष देऊ दे.

बसा, बसा, असं उठू नका. मगाशी तुम्ही आला तवा तुम्हाला पाणी सुद्धा विचारलं न्हाय, राग मानू नका. आधी तुमचे डोळे बघत हुतो. पांढरे हायत. अगं ए, पावण्यांना ताक आण.