मुलींची फेरी

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं. सतरंजीवर जागा आहे.

शांतारामशेठना जाऊन आज आठ दिवस झाले. त्यांच्याविषयी उभं राहून बोलायचं, हे मला जड जातंय. चिंचवडच्या ज्युनिअर कॉलेजात मी आयुष्यभर शिकवलं, उपप्राचार्य म्हणून निवृत्त झाले. चारचौघांत रडायची मला सवय नाही. मध्येच आवाज अडला, तर मी थांबेन. तुम्हीही थांबा.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी देवळाचा सभामंडप सांगितला, रक्तदानाची शिबिरं सांगितली. सगळं खरं आहे. मी एकच सांगणार आहे. मुलींची फेरी.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. शेठच्या बस पिंपळे सौदागर, पुनावळ्याकडचे कामगार घेऊन येतात, सकाळी इथल्या कंपन्यांत सोडतात आणि जनरल शिफ्टची माणसं आणायला रिकाम्या परत जातात. त्यातल्या एका रिकाम्या बसमध्ये शेठनी आपल्या निघोज्याच्या मुली बसवल्या आणि वाटेत चिंचवडला आमच्या कॉलेजला नेऊन सोडल्या. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पंधरा वर्षं. फुकट.

आमची पहिली भेट काही गोड नव्हती. आठ वाजता कॉलेजचं गेट बंद, हा माझा नियम. एके दिवशी या मुली वीस मिनिटं उशिरा आल्या. मी त्यांना बाहेर उभं केलं. तर त्यांच्या शेजारी टोपी घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला.

मी विचारलं, "आपण कोण?"

"उशीर करणारा. चौकात ट्रक आडवा झाला व्हता, मॅडम. उभं करायचं तर मला करा. पोरींचा तास नगा बुडवू."

मी मुलींना आत सोडलं. आणि शेठना उभं केलं. हसू नका, खरंच केलं! नियम तो नियम. ड्रायव्हरला गाडी घेऊन पुढे पाठवलं आणि तास संपेपर्यंत तो माणूस गेटबाहेर उभा राहिला. जाताना म्हणाला, "मॅडम, उद्यापासनं धा मिनिटं आधी निघतो." आणि निघाले. त्यानंतर उशीर नाही.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, हे सगळं कशासाठी करता? म्हणाले, "गाडी तशी बी रिकामीच जाती. रिकाम्या शिटा काय पुजायच्यात?"

त्या सीटांवर बसून गेलेल्या मुली आज नर्स आहेत, शिक्षिका आहेत. एक तर इथल्याच कंपनीत इंजिनिअर आहे. या सभेतही बऱ्याच जणी दिसताहेत.

आता जे बोलणार आहे, ते काहींना आवडणार नाही. न आवडू दे.

शेठ गेल्यापासून कामगारांच्या बस एक दिवसही थांबल्या नाहीत. कंपनीची लाइन थांबत नाही, हे बरोबरच आहे. मुलींची फेरी मात्र आठ दिवस बंद आहे. का? तर दुखवटा! शेठचा मुलगा विलास मला म्हणाला, "मॅडम, दादांची जिवाभावाची फेरी. लगेच चालू ठेवली तर गाव काय म्हणेल?" विलास, मान वर कर. तू एकट्याने हे ठरवलं नाहीस. भावकीने ठरवलं, आणि प्रेमानेच ठरवलं. पण माणसाचा मान राखायला आपण त्याचंच काम थांबवलं, हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

उद्या बारावीचं प्रॅक्टिकल आहे. म्हणून आज दुपारी मी फेरीतल्याच एका मुलीच्या, बारावीतल्या कावेरीच्या खोलीवर गेले. आईवडील लातूरकडचे, दोघंही कंपनीत. आई म्हणाली, "दोन गाड्या बदलून लेकराला एकटं कसं धाडू, मॅडम? ऱ्हाऊ द्या आता बारावी. लावते तिला माझ्यासंगं पॅकिंगला." कावेरीने जर्नल उचललं आणि फळीवर ठेवून दिलं.

तिथून मी तडक शेठच्या घरी गेले. शेठच्या पत्नी, हौसावहिनी, आठ दिवस कोपऱ्यातून उठल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कवाधरनं बंद हाय?" त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! त्यांनी विलासला हाक मारली. "उद्या फेरी निघल."

त्यांचे दीर म्हणाले, "वहिनी, दहावा तरी होऊ द्या. लोक नावं ठेवतील."

"ठिवू द्या. मीच बसते पुढच्या शिटावर. ज्याला नाव ठिवायचं, त्यानं गाडी आडवून माझ्या त्वांडावर सांगावं."

वहिनी इथे बसल्या आहेत. कोणाला काही सांगायचं असेल, तर आत्ताच सांगा. उद्या गाडी अडवू नका.

कोणी नाही? छान.

कावेरीची आई आली आहे ना? ताई, खांबाआडून पुढे या. उद्या लेकीला धाडणार? मान नका हलवू, मोठ्याने बोला.

"धाडते."

ऐकलंत सगळ्यांनी.

शांतारामशेठ, तुम्हाला माझा नमस्कार. मंडळी, आता उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही.

आणि बारावीच्या मुलींनो, तुम्ही थांबू नका. घरी जा, अभ्यासाला बसा. शेठना तेच जास्त आवडलं असतं.