फोटोशिवाय ब्लँकेट नाही

पुरात घर गेलेल्यांच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारा बेकरीवाला आणि त्याची बायको उभे होते. ब्लँकेट वाटणाऱ्यानं मोबाइल उचलला.

“चाचा, इकडे बघा. फोटोशिवाय ब्लँकेट नाही.”

“सदका देताना घेणाऱ्याची अब्रू झाकायची असते रे.”

“देणाऱ्यांना पुरावा लागतो. आणि घेण्यात कसली लाज? अब्बा गेल्यावर वर्षभर कोणीतरी आमच्या दारात पीठ ठेवून जायचं. आम्ही घेतलंच ना?”

“पहाटे ठेवायचं. तुम्हाला कोणी बघू नये म्हणून.”

“पहाटे? तुम्हाला कसं ठाऊक?”

“अहो, सांगून टाका ना एकदाचं!”

“तू गप्प बस. दिलेलं बोलून दाखवलं की मातीमोल होतं.”

“चाचा, ते पीठ…”

“रांग खोळंबलीय, बेटा. काढ फोटो.”