सुपडाबाईचा शनवार

(लिंबायत, सुरत. १९९६ मधली एका शनिवारची दुपार. पत्र्याच्या खोलीत पाहुणा खाटेवर बसला आहे. पलीकडे यंत्रमागांची खडखड चालू आहे.)

कलाबाई : नाही हो भाऊ, तुम्ही घर चुकले. सिपोरा म्हणून कोणी नाही आमच्यात.

शिमशोन : धुडकू जॉबरचं घर हेच ना? नाक्यावरच्या पानवाल्यानं हेच दाखवलं.

कलाबाई : ते माझे सासरे, मिलमधले मुकादम. त्यांना जाऊन लई वर्षं झाली.

शिमशोन : आणि त्यांची बायको?

कलाबाई : सुपडाबाई. माझी सासू. तीही मागच्या साली गेली.

शिमशोन : गेली? ...उंच होती? डाव्या भुवईवर खोक पडल्याची खूण?

कलाबाई : व माय! तुम्हाला कसं ठाऊक?

शिमशोन : तो दगड माझाच. चिंचा पाडत होतो, लागला तिला. मी शिमशोन वाकरूळकर, तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. सिपोरा माझी आत्या. तुमच्याकडे तिचं सुपडा झालं म्हणायचं.

गायत्री : म्हणजे आजीला कोणी सुपात घातलंच नव्हतं? आणि आम्ही आख्ख्या गल्लीला सांगतो, आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्या जन्मल्या सुपात ठेवली, म्हणून सुपडा!

कलाबाई : गप बैस. पोर, पानी आन पाहुण्यांना. ही माझी गायत्री, भाऊ. हिचे पप्पा पांडेसराला डाईंगमध्ये आहेत, रात्री येतील. तुम्ही आले कुठून?

शिमशोन : इस्रायलहून. दिमोना गाव, सगळं वाळवंट. मी दहा वर्षांचा होतो, सगळं घर आगबोटीत बसलं. आम्ही कोकणातले ज्यू, वहिनी. बेने इस्रायल.

कलाबाई : सासरे तर सांगायचे, कोकणातल्या तेल्याची पोर आहे.

शिमशोन : खोटं नाही सांगितलं त्यांनी. आमचा तेलाचा घाणा होता. शनवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेलीच म्हणायचं.

कलाबाई : शनवारी बंद? का?

शिमशोन : तो आमचा शब्बाथ, शुक्रवारी दिवस बुडाल्यापासून शनवारी दिवस बुडेपर्यंत. त्या वेळात काम नाही, विस्तव नाही, गाडीत बसणं नाही. बरं वहिनी, ज्यासाठी आलो ते सांगतो. धुडकूराव मुंबईच्या इस्पितळात पडले होते, आत्या तिथे नर्स. त्यांच्याबरोबर ती निघून गेली आणि घरानं तिचं नाव टाकलं. बाबांनी तर आम्हाला तिचं नाव घेऊ दिलं नाही. आणि शेवटी अंथरुणावर तिलाच हाका मारत होते, सिपोरा, सिपोरा. त्यांच्या कबरीवरचा हा दगड आणलाय. आमच्या तिकडे फुलं नाही, दगड ठेवतात. तिच्या कबरीवर ठेवायचा, एवढंच. कुठे पुरलंय तिला?

कलाबाई : ...व माय, तुम्हाला खायला विचारलंच नाही मी. गायत्री, कालच्या दशम्या काढ. ताक दे. चहा नाही देता येत भाऊ, आज शनवार.

गायत्री : कही दे ने, मम्मी. सांगून टाक.

कलाबाई : तू आण आधी ताक.

शिमशोन : आज शनवार, म्हणून चहा नाही?

कलाबाई : सासूचा दंडक. मी लग्न होऊन आले, पहिल्याच शनवारी स्टोव्हला हात लावला तर तिनं मनगट धरलं. "शनवारी आग नाही." मी समजले, शनिमहाराजांचं कडक असेल ह्यांच्यात. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत दोन दिवे लावायची. ते संतोषीमातेचं समजले. मी शनीला तेल घालून यायची तर खुदकन हसायची. म्हणायची, घाल, घाल, तेलाशी माझं जुनं नातं आहे.

गायत्री : म्हणूनच मम्मीनं तुम्हाला दारातच सिगारेट विझवायला लावली.

शिमशोन : अरे देवा... वहिनी, लाज वाटते सांगायला. माझ्या घरी शनवारी टीव्ही चालतो, गॅस चालतो. मी आज स्टेशनवरून रिक्षानं आलो, आणि वाटेत चार सिगारेटी ओढल्या.

कलाबाई : दोन सालांमागे प्लेगच्या वेळी सगळं लिंबायत खान्देशात पळालं. ही हलली नाही. म्हणे, एकदा सोडलं घर, पुरे झालं. मला तेव्हाही कळलं नाही, कोणतं घर म्हणते.

शिमशोन : वहिनी, तिला कुठे पुरलंय?

कलाबाई : ...नाही पुरलं. जाळलं, भाऊ. राख तापीत सोडली.

शिमशोन : जाळलं.

कलाबाई : आमच्यात जाळतात. ती एक शब्द बोलली असती ना, तर मी भांडून पुरायला लावलं असतं. पन्नास वर्षं बोललीच नाही. मला फार वाईट वाटतं हो. रडू नका, भाऊ.

शिमशोन : तुमचा काय दोष? नाव आम्ही टाकलं होतं. पण मी आता बाबांचा हा दगड कुठे ठेवू? नदीत टाकू की परत नेऊ?

कलाबाई : द्या इकडे. ...हे बघा, ह्या स्टोव्हवर ठेवते.

गायत्री : मम्मी! स्टोव्हवर?

कलाबाई : तिनं ह्या घरात दुसरं काय राखलं? कबर नाही, फोटो नाही. हा एक गार स्टोव्ह आहे. एरवी उचलून देवळीत ठेवीन, आणि शुक्रवारी दिवे लागले की पुन्हा इथे.

गायत्री : पण आता कळलं ना, हे शनिमहाराजांचं नाही. मला वाटलं, पुढच्या शनवारपासून गरम खायला मिळेल.

कलाबाई : इतके दिवस नुसती भीती होती, बाई. आता तिच्यासाठी आहे.

शिमशोन : गायत्री, बाहेर रिक्षा थांबलीय. मला सहाची गाडी गाठायची होती. त्याला सांग, आता जा, दिवस बुडाल्यावर ये.

गायत्री : आणि तुमची गाडी?

शिमशोन : जाऊ दे ती. दशम्या वाढा, वहिनी. गारच चालतील.

कलाबाई : बसा निवांत. अंधार पडला की स्टोव्ह पेटवते, चहा घेऊनच जा.